गुण आला, पण कशानं?

“त्र्यंबकेश्वरला कालसर्प शांती केली आणि वर्षाच्या आत मुलीचं लग्न जमलं. आता याला काय म्हणाल?” नाशिकमध्ये मानसशास्त्राच्या संशोधनपद्धतीवर बोलायला उभं राहिलं की हा सवाल येतोच. त्यामागून दुसरा येतो: माणसाच्या मनाला मोजपट्टी कशी लावणार? आणि कोणी वाचन असलेला श्रोता असेल तर तिसराही: मानसशास्त्राचे स्वतःचे निष्कर्ष तरी कुठे टिकतात? हे आक्षेप घेणारी माणसं मनापासून बोलत असतात. त्यांना टाळून किंवा हिणवून चालणार नाही, नीट उत्तर द्यायला हवं.

लग्नाचंच घ्या. बाप त्र्यंबकला कधी जातो? सगळे उपाय थकले, स्थळं फिरून गेली, घरात बोलणी बंद झाली, तेव्हा. म्हणजे परिस्थिती सगळ्यात वाईट असते तेव्हाच. कोणतीही चढउतार होणारी गोष्ट तिच्या तळाशी असताना मोजली, तर पुढच्या मोजणीत ती बहुतेक वेळा वर आलेलीच दिसते. मधल्या काळात काही केलेलं असो वा नसो. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची आकडेवारी मांडून हे सरासरीकडे परतणं दाखवलं. ताप, परीक्षेतले गुण, धंद्यातली मंदी, नैराश्य, सगळीकडे ते आढळतं. मुलीचं लग्न जमलं हे खरंच आहे. ते शांतीमुळे जमलं, हा मात्र त्या घटनेवर चढवलेला अर्थ आहे आणि पुरावा या दुसऱ्या गोष्टीचा हवा.

तो पुरावा मिळवायला चार रकाने भरावे लागतात. शांती केली आणि जमलं. केली पण जमलं नाही. केली नाही तरी जमलं. केली नाही आणि जमलंही नाही. आपल्या कानावर फक्त पहिला रकाना येतो. दुसऱ्यातली माणसं आपली निराशा सांगत फिरत नाहीत, तिसऱ्यातल्यांना कोणी विचारतच नाही. समजा, शांती केलेल्या शंभर घरांपैकी साठांचं वर्षभरात जमलं. आकडा मोठा वाटतो. पण तितक्याच अडलेल्या आणि शांती न केलेल्या शंभर घरांपैकीही साठांचंच जमलं असेल, तर पहिल्या साठांचा आधार घेऊन काय सिद्ध झालं? तुलनागट नसेल तर अनुभव कितीही उत्कट असला तरी त्यातून कारण कळत नाही. अनुभव खोटा ठरवायचा नसतो, त्याचं कारण शोधायचं असतं.

अशी तपासणी महाराष्ट्रात एकदा चोख झालेली आहे, ती शांतीची नव्हे, फलज्योतिषाची. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून २००८ मध्ये फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. तिचा अहवाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. शंभर हुशार विद्यार्थी आणि विशेष शाळांतली शंभर मुलं, अशा दोनशे जणांच्या कुंडल्या मांडल्या. त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. कोणती कुंडली कोणाची, हे ज्योतिषांना ठाऊक नव्हतं आणि त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे नकळत इशारा जायला वावच उरला नाही. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. प्रत्येकाकडे ४० कुंडल्या होत्या आणि प्रश्न एकच: मूल हुशार की बौद्धिक अक्षमता असलेलं?

इथे संख्याशास्त्राचं खरं काम सुरू होतं. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी ४० पैकी सरासरी २० बरोबर येतात आणि प्रमाण विचलन ३.१६ असतं. म्हणून केवळ नशिबाच्या पलीकडचं काही आहे असं मानण्यासाठी २८ बरोबर उत्तरं हवीत, असा निकष होता. सर्वाधिक गुण मिळाले ते २४. कोणी म्हणेल, चोवीस म्हणजे निम्म्याहून जास्तच की! पण २७ माणसांनी नाणी उडवली तर त्यांतल्या तीन-चार जणांना २४ किंवा त्याहून जास्त गुण आपसूक पडतात. हे गणित कोणीही करून पाहावं. एका ज्योतिष संस्थेनं तर सगळ्या दोनशे कुंडल्या तपासल्या आणि १०२ ओळखल्या. ‘जन्मवेळा चुकीच्या असतील’ हा आक्षेप मला अजिबात पटत नाही. वेळ खात्रीची नसेल तर भाकितही खात्रीचं नसतं, आणि दक्षिणा घेऊन पत्रिका पाहताना ही शंका कोणी काढत नाही.

आता या निकालानं सुखावलेल्या पुरोगामी मित्रांना थोडं थांबवतो. संशोधनपद्धती म्हणजे श्रद्धाळूंना झोडपायचं हत्यार, असा त्यांचाही समज असतो आणि तो तितकाच चुकीचा आहे. प्रयागचा माघमेळा पाहा. तिथे कल्पवासी महिनाभर थंडीत राहतात, एकवेळ जेवतात, पहाटे गंगेत बुडी मारतात. दाटी, गोंगाट, अस्वच्छता यांचा विचार करता माणूस तिथून आजारी होऊनच परतायला हवा, असं सुशिक्षितांना वाटतं. ‘उलट बरं वाटतं’ असं कल्पवासी सांगतात. नारायणन श्रीनिवासन, निक हॉपकिन्स आणि त्यांच्या भारतीय व ब्रिटिश सहकाऱ्यांनी हा दावा तपासला. ४१६ कल्पवासी आणि त्यांच्यासारखेच पण मेळ्याला न जाणारे १२७ जण, या दोन्ही गटांना मेळ्याआधी महिनाभर आणि नंतर महिनाभरानं प्रकृतीविषयी तेच प्रश्न विचारले. २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: न गेलेल्यांच्या तुलनेत गेलेल्यांचं स्वास्थ्य, त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, सुधारलं होतं. ज्या तुलनेनं ज्योतिषांचा दावा पाडला, तिनंच प्रयागला यात्रेकरूंचा दावा उचलून धरला. म्हणून ही पद्धत मला न्याय्य वाटते. ती माणूस कोणत्या बाजूचा आहे हे पाहत नाही.

मोजपट्टी मनाला लागते का, याचंही उत्तर याच मेळ्यावरच्या संशोधनात आहे. गोंगाटाची एकच ध्वनिफीत काही यात्रेकरूंना ‘हा मेळ्यातला आवाज’ म्हणून ऐकवली, काहींना ‘शहरातल्या रस्त्यावरचा’ म्हणून. मेळ्यातला समजून ऐकणाऱ्यांना तो जास्त सुसह्य वाटला आणि त्यांनी तो जास्त वेळ ऐकला. कानावर पडणारा आवाज तोच असताना मनानं काय घडवलं, ते सेकंदांत मोजता आलं. मन पूर्ण मोजता येतं असं कोणीच म्हणत नाही. जेवढं मोजता येतं तेवढं मोजायलाच नकार देणं मात्र चूक आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत मूळचा निष्कर्ष संख्याशास्त्रीय कसोटीवर पुन्हा उतरला. हे लाजिरवाणं आहे. पण ही चूक पकडली कोणी? मानसशास्त्रज्ञांनीच, दोनशे सत्तर जणांनी एकत्र येऊन, स्वतःच्याच विषयाची झाडाझडती घेतली आणि आकडे जाहीर केले. असं करायला धैर्य लागतं. त्या झाडाझडतीचा धडा आपल्या महाविद्यालयांत अजून पोहोचायचा आहे. वसतिगृहातल्या पन्नास मुलग्यांकडून आणि पन्नास मुलींकडून प्रश्नावली भरून घ्यायची, ‘टी’ची किंमत काढायची, ‘पी’ची किंमत ०.०५ च्या खाली आली की गृहीतक सिद्ध झालं म्हणायचं, ही प्रबंधाची रूढ रीत आहे. त्या शंभर जणांवरून कोणाबद्दल बोलता येईल, फरक केवढा आहे, प्रश्नावलीचं मराठी भाषांतर कोणी तपासलं, हे कोणी विचारत नाही. शांती करून लग्न जमलं म्हणणारा बाप आणि हा प्रबंध, दोघांच्याही तर्काला तेच भोक पडलेलं आहे.

नाशिकला हे सगळं आत्ताच सांगायचं कारण सिंहस्थ कुंभमेळा. २७ ऑगस्ट २००३ रोजी इथे चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. ‘गर्दी बेभान झाली’ म्हणून आपण मोकळे झालो. गर्दीला अक्कल नसते हे मत १८९५ मध्ये गुस्ताव्ह ल बाँनं मांडलं, तेही मोजणीशिवाय आणि तुलनेशिवाय. नाशिकची गर्दी कशी वागते, का घाबरते, कोणाचं ऐकते, हे प्रयागच्या अभ्यासावरून उचलून सांगता येणार नाही. तिथले लोक महिनाभर राहणारे, इथले बहुतेक पर्वणीपुरते येऊन परतणारे. कल्पवासी स्वतःहून गेले होते, चिठ्ठी टाकून निवडलेले नव्हते, ही त्या अभ्यासाचीही मर्यादा आहेच.

ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला ठरलेलं आहे. नाशिकमधल्या मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र विभागांना माझं कळकळीचं सांगणं आहे: एकत्र बसा. आपण काय शोधतोय ते आधी लिहून जाहीर करा. कळवण, सुरगाणा, मालेगाव, सिन्नरच्या गावांतून जाणारे आणि जायची इच्छा असूनही न जाणारे, असे दोन गट निवडा. पंचवटीत राहून ती सगळी गर्दी सोसणाऱ्यांचा तिसरा गट करा. अहिराणीत आणि आदिवासी पाड्यांवरच्या बोलींत प्रश्न तयार करून तपासून घ्या. आणि पहिली नोंद जुलै २०२७ संपायच्या आत पूर्ण करा. पर्वणी उलटल्यावर रामकुंडावर माणसं गाठून ‘कसं वाटतंय?’ विचारता येईल, पण आधी कसं वाटत होतं ते तेव्हा कोणालाच नोंदवता येणार नाही, आणि पुढचा सिंहस्थ थेट बारा वर्षांनी येईल.