भाकरीच्या बदल्यात श्वास?

राखेच्या बुधवारी आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ रांगेतून बाजूला होऊन बाकावर बसले. राखेचे तबक घेऊन मीच त्यांच्यापाशी गेलो. विडीला कधी हातही न लावलेला हा भोसरीचा निवृत्त कामगार आज चर्चच्या पाच पायऱ्या चढताना दोनदा थांबतो. मिस्सानंतर त्यांच्या मुलाजवळ मी हवेचा विषय काढला. तो हसून म्हणाला, "फादर, बाहेर धुराडे पेटते म्हणून घरात चूल पेटते."

हे वाक्य मी अनेक घरांतून ऐकले आहे. आज त्याच वाक्याशी मला भांडायचे आहे.

कारखान्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि माळरानाची उद्योगनगरी झाली. पुढे चाकणही त्याच वाटेने गेले. दुष्काळी गावांतून आलेल्या किती कुटुंबांना या पट्ट्याने पोटाशी धरले! परंतु कामगाराने विकला तो घाम. श्वास त्याने कधी विकायला काढला नव्हता.

केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढा सूक्ष्म कण नाकाच्या गाळणीला जुमानत नाही. तो फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतो, त्यातील काही रक्तातही उतरतात. दमा, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, कमी वजनाचे अर्भक ही त्याची करणी आहे. 2013 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरील प्रदूषित हवेची गणना कर्करोगकारकांत केली. आमच्या त्या गृहस्थांच्या आजाराला हवा हेच एकमेव कारण आहे असे मी म्हणणार नाही. ते कोणीही सिद्ध करू शकणार नाही आणि गुन्हेगाराचे फावते ते नेमके तेथेच. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो, हवा कधीच लिहिली जात नाही.

आपल्या देशात अशा सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली ती 5 असावी असे सुचविले. म्हणजे आमची हवा कायद्याने निर्दोष ठरली, तरी ती निरोगी असेलच असे नाही.

मग उपाय काय झाले? 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. देशभरात त्याच्या निधीचा मोठा वाटा रस्त्यांवरील धूळ बसविण्यात गेला. धूळ बसवावी, जरूर बसवावी. पण बॉयलरमध्ये आणि भट्टीत काय जळते, हे विचारायचे कोणी?

दिल्लीने ते विचारले. राजधानीच्या परिसरात उद्योगांना कोणते इंधन चालेल याची यादीच करण्यात आली आणि 1 जानेवारी 2023 पासून तेथील कारखान्यांतून कोळसा हद्दपार झाला. वीजकेंद्रांना तेवढी सवलत मिळाली. सुरतेत 2019 पासून कारखान्यांच्या धुरातील कणांवर एकत्रित मर्यादा आली. त्यामुळे उत्सर्जन 20 ते 30 टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आणि कारखाने मात्र चालूच राहिले. दिल्लीकराचे फुप्फुस वेगळ्या मातीचे आहे काय?

आमच्याकडे तर नैसर्गिक वायूची वाहिनी चाकणपर्यंत आली आहे. 1981 च्या हवा प्रदूषण कायद्यातील 19 वे कलम राज्य शासनाला, प्रदूषण नियंत्रण मंडळाशी विचारविनिमय करून, घातक इंधनावर बंदी घालण्याचा अधिकार देते. वायू महाग पडतो हे खरे. लहान कारखानदाराला त्यासाठी करसवलत द्या, मुदत द्या. परंतु स्वस्त इंधनातून वाचलेले पैसे कामगाराच्या औषधाच्या बिलात वसूल होत असतील, तर त्याला बचत म्हणू नका.

कोणी म्हणेल, विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या, 2022 पासून मेट्रोही धावते आहे. त्याचे स्वागत आहे. पण राज्याची बरीचशी वीज अद्याप कोळशाचीच आहे. वीजकेंद्रांनी गंधकाचा धूर रोखणारी यंत्रणा बसवावी म्हणून 2015 साली नियम झाले, मुदतींमागून मुदती वाढल्या आणि 2025 साली बहुसंख्य केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच मिळाली. पिंपरीचा धूर चंद्रपूरच्या अंगणात लोटणे याला स्वच्छ ऊर्जा म्हणता येणार नाही. छपरावरचा सूर्य मात्र कोणाच्याही अंगणात राख टाकत नाही.

आपलेही हात स्वच्छ नाहीत. आवारातील पालापाचोळा आपण जाळतो, सणाच्या दिवशी डिझेलचे जनित्र तासन् तास धडधडत ठेवतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या आपल्या परिपत्रकात, प्रदूषणाचा पहिला घाव गरिबांवर पडतो, याकडे लक्ष वेधले होते. ते आपण वाचले आणि कपाटात ठेवले.

परमेश्वराने मातीच्या पुतळ्यात श्वास फुंकला, तेव्हा त्याची किंमत ठरविली नव्हती. ती ठरविण्याचा अधिकार आपण कोणाला दिला? भाकरी हवी आणि श्वासही हवा, एवढीच मागणी घेऊन नगरसेवकाच्या, आमदाराच्या, नियंत्रण मंडळाच्या दारी जा. त्या दारी पहिला उभा राहायला मी तयार आहे.