लिमिट वळवता येतं, देणं नाही

पावसाळा लागला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट असते, खडकवासला साखळीतल्या पाणीसाठ्याची. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही ती चार धरणं. चौघांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी. त्यात खडकवासला सगळ्यात धाकटं, जेमतेम दोन टीएमसीचं. वरच्या तिघांचं पाणी मात्र शेवटी यातच सोडतात आणि इथूनच ते पुण्याच्या नळाला आणि पुढे कालव्याने शेतीला जातं. पानशेतमधून पाणी सोडलं की खडकवासला भरलेलं दिसतं. चौपाटीवर कणीस खायला आलेल्यांना वाटतं, वा, पाणीच पाणी! पण साखळीतलं एकूण पाणी तेवढंच असतं. वरचं उतरलं, खालचं चढलं, इतकंच.

क्रेडिट कार्डाच्या लिमिटचंही असंच आहे. सध्या एक नवी युक्ती कानावर येते. हातातल्या कार्डाचं लिमिट पुरत नाही, बँक वाढवून देत नाही. मग त्याच बँकेचं दुसरं कार्ड काढायचं आणि त्याचं लिमिट पहिल्यावर वळवून घ्यायचं. कधी उलटंही असतं. २०२२ सालापासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं. त्यामुळे दुकानातल्या क्यूआरवरही उधारीने पैसे देता येतात. जुन्या कार्डाला ती सोय नसते, म्हणून नवं रुपे कार्ड काढून जुन्याचं लिमिट त्याच्यावर आणायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण अर्जावर सही करण्याआधी आत काय घडतं ते समजून घ्यायला हवं.

पहिली गोष्ट, एका बँकेचं लिमिट दुसऱ्या बँकेच्या कार्डावर जात नाही. दुसरी, एकाच बँकेची दोन कार्डं घेतली तरी पुष्कळदा दोन्हींना मिळून एकच लिमिट असतं. पहिल्यावर ८० हजार असतील तर दुसरं कार्ड आल्यावर एक लाख साठ हजार होतात असं नाही. तेच ८० हजार दोन दारांतून खर्च करता येतात, एवढंच. काही बँका खरोखर वेगळं लिमिट देतात आणि मागितलं तर एकीकडचं दुसरीकडे वळवूनही देतात. आपली बँक यातलं काय करते, हे कार्ड विकायला आलेल्या मुलाला विचारून भागणार नाही. बँकेकडून ते लेखी किंवा ई-मेलने घ्यावं.

आता या युक्तीची किंमत बघू. नव्या कार्डाचा अर्ज केला की बँक तुमचा पतअहवाल, म्हणजे आपण ज्याला सरसकट 'सिबिल' म्हणतो तो, मागवते. त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. थोड्या दिवसांत चार ठिकाणी अर्ज केले तर 'या बाईंना पैशांची निकड दिसते' असा अर्थ निघतो आणि गुण उतरतात. त्यातून घराच्या कर्जाचा विचार चालू असेल तर हे महागात पडतं. शिवाय 'पहिलं वर्ष फुकट' असलेल्या कार्डाची फी दुसऱ्या वर्षी गुपचूप बिलात येऊन बसते. दोन कार्डं म्हणजे दोन बिलं, दोन तारखा. एक तारीख हुकली तरी दंड आणि व्याज.

यापेक्षा दोन साधे रस्ते आहेत. बँकेला सरळ विचारा की पहिल्याच कार्डाचं लिमिट वाढवून मिळेल का. पगार वाढला असेल, वर्षभर बिलं वेळेवर भरली असतील तर बँक बहुधा विचार करते. दुसरा रस्ता त्याहून सोपा. बिल येईपर्यंत थांबायलाच हवं असं कुठे आहे? मोठी खरेदी झाली की महिन्याच्या मध्येच थोडे पैसे भरून टाका. तेवढं लिमिट पुन्हा मोकळं होतं. नवं कार्ड नको, अर्ज नको, फी नको.

लिमिट वळवणं नेहमीच चूक असतं असं मात्र नाही. दोन कार्डं सांभाळणं जड जातंय आणि एक बंद करायचंय, तर त्याचं लिमिट दुसऱ्यावर घेऊन मग बंद करणं शहाणपणाचंच. दवाखान्याचा मोठा खर्च आहे आणि विम्याचे पैसे नक्की येणार आहेत, तेव्हाही त्याचा आधार होतो. कसोटी एकच. बिल आलं की पूर्ण भरता येणार आहे का? उत्तर 'हो' असेल तर लिमिट ही सोय आहे. 'बघू, मिनिमम भरू' असेल तर तो खड्डा आहे.

हा खड्डा किती खोल असतो ते आकड्यांत पाहा. समजा ४० हजार थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. महिन्याचं व्याज झालं १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये. म्हणजे १,६५२ रुपये. तुम्ही काटकसर करून दोन हजार भरले, तर मूळ देण्यातून फिटले फक्त ३४८! शिवाय मागचं थकलेलं असताना नवी खरेदी केली तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, असं आपल्या आज्या म्हणायच्या ते काही उगीच नाही. कायदा या व्याजाला लगाम घालेल अशीही आशा धरू नका. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावणं गैर आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

पण मैत्रिणींनो, बायकांच्या पानावर हा विषय घेण्याचं खरं कारण वेगळंच आहे. लिमिटची ही वळवावळवी एका माणसाच्या दोन कार्डांपुरती थांबत नाही. ती घरातही होते. ह्यांच्या कार्डाचं लिमिट संपलेलं असतं, बँक वाढवून देत नाही. मग एक दिवस जेवताना विषय निघतो, 'तुझ्या नावावर एक काढू या का?' तिची शिकवणी असते, शिवणकाम असतं किंवा बँकेत थोडी ठेव असते. त्यावर कार्ड मिळून जातं. सही तिची. कार्ड मात्र दुकानाच्या गल्ल्यात किंवा ह्यांच्या पाकिटात, ओटीपी येतो तो फोनही त्यांच्याच हातात. खर्च कुठे झाला हे तिला ठाऊक नसतं. बिल थकलं की वसुलीचा फोन मात्र तिला येतो, आणि पतअहवालावर डाग पडतो तो तिच्या.

बचत गटात तुम्ही सगळ्या जणी हिशेब चोख ठेवता. कुणाच्या नावावर किती उचल, हप्ता किती, सही कुणाची, हे सगळं वहीत असतं. मग स्वतःच्या नावावरच्या कार्डाची वही का नको? उद्या तुम्हाला पिठाची गिरणी घ्यायची असेल, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं असेल, तेव्हा बँक तुमचाच अहवाल उघडून बघणार. 'ते कार्ड मी कधी वापरलंच नाही' हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. घरात पैशांची अडचण असेल तर जोडीदाराला मदत जरूर करावी. पण देणं किती, कधी फिटणार, कशातून फिटणार, हे दोघांनी एकत्र बसून कागदावर मांडल्यावर. नुसता कार्डाचाच उपयोग हवा असेल तर त्यांच्या कार्डावर तुमच्या नावाचं पुरवणी कार्ड निघतं. त्याचं देणं मूळ कार्डधारकाच्या नावावर राहतं.

आपल्या हातात काही हक्कही आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या नियमांनुसार न मागता कार्ड देता येत नाही आणि तुमच्या संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकाली काढावा लागतो. नाही काढला तर बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. तक्रारीला महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा मिळालेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही. आणि पतअहवाल वर्षातून एकदा प्रत्येक पतमापन कंपनीकडून फुकट मिळतो.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. स्वतःचा अहवाल मागवा. मोबाइलवर जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला शेजारी बसवा. तुमच्या नावावर किती कार्डं आहेत, किती लिमिट आहे, किती थकलंय, ते वाचा. माहीत नसलेलं कार्ड त्यात दिसलं, तर आधी घरात विचारा आणि लगेच बँकेत जा. ओळखीचंच असेल, तर त्याचं बिल यापुढे तुमच्या फोनवर येऊ द्या आणि तुमच्या डोळ्यांखालून जाऊ द्या.