काफिल्याची राखण आणि तिचा खर्च

लढाईच्या दिवसांत सरकारने व्यापारी जहाजांना आपल्या हुकमाखाली घ्यावे काय, हा वाद जुना आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा आरमारी पहाऱ्याची भाषा पुन्हा ऐकू आली. आमच्या व्यापारी बांधवांनी या निमित्ताने ब्रिटनचा १७९८ चा काफिला कायदा समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

तेव्हा फ्रान्सशी लढाई जुंपली होती. सरकारी परवान्याने लूट करणारी खासगी फ्रेंच जहाजे सेंट मालो, डंकर्क अशा बंदरांतून निघत आणि शिडांची व्यापारी जहाजे धरून नेत. म्हणून परदेशी जाणाऱ्या ब्रिटिश जहाजाने आरमाराच्या पहाऱ्याशिवाय निघू नये, असा कायदा झाला. कप्तानाने आधी जामीनखत लिहून द्यायचे, मगच जकात कचेरी त्याला सोडणार. एकटा निघाला किंवा वाटेत काफिला सोडला, तर दंड १००० पौंड. जहाजात लष्करी किंवा आरमारी सामान असेल तर १५००. शिवाय ज्यांच्या संमतीने हे झाले त्यांचा विमा रद्द!

एवढी जोखीम घेऊन कप्तान पळत का? कारण धंद्याचे आहे. काफिला सर्वांत मंद जहाजाच्या चालीने चाले. पहाऱ्याचे जहाज येईपर्यंत, मग वारा फिरेपर्यंत, बंदरात आठवडेच्या आठवडे जात. खलाशांचे खाणेपिणे चालूच. आणि सगळा माल एकदम बाजारात उतरला की भाव पडलाच. जो आधी पोचला त्याची चांदी. हा हिशोब आमच्या वाचकांना शिकवायला नको. मात्र असा पळणारा पकडला गेला की विम्याचे दर वाढत, आणि ते नियम पाळणाऱ्यालाही भरावे लागत. म्हणून लंडनच्या लॉइड्समधील विमेवाले सक्तीच्या बाजूने होते. यात ते चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

अर्थात काफिला म्हणजे सलामतीची हमी नव्हे. ९ ऑगस्ट १७८० रोजी स्पेन आणि फ्रान्सच्या आरमाराने ६३ जहाजांच्या ब्रिटिश काफिल्यातील ५५ जहाजे धरली. पहारा अगदीच तोकडा होता. कित्येक विमेवाले त्यात बुडाले.

आमची खरी तक्रार सवलतींबद्दल आहे. ईस्ट इंडिया कंपनी आणि हडसन्स बे कंपनी यांच्या जहाजांना या कायद्यातून वगळले होते. तोफा आणि भरपूर माणसे असलेल्या वेगवान जहाजाला आरमार खात्याचा परवाना मिळून एकटे जाता येई. एकदोन जहाजांचा मालक मात्र बंदरात थांबे, दंडाला भिई, आणि राखणीच्या नावाने त्याच कायद्याने बसविलेली जादा जकातही भरी. १८०३ मध्ये लढाई पुन्हा पेटली तेव्हा सक्ती पुन्हा आली, सवलतीही आल्या.

आपल्या पश्चिम किनाऱ्याने याहून वाईट प्रकार सोळाव्या शतकातच पाहिला होता. पोर्तुगीज लोक ‘कार्ताझ’ हा त्यांचा परवाना नसलेले गलबत जप्त करीत, आणि गुजरातच्या व्यापाऱ्यांचे काफिले स्वतःच्याच पहाऱ्यात गोव्याकडे नेत. धाक घालणारा तोच, राखण करणाराही तोच. ब्रिटनच्या कायद्याला हा दोष देता येत नाही. तेथे लॉइड्सची समिती काफिल्यांबाबत आरमार खात्याशी सतत पत्रव्यवहार करी आणि तिचे ऐकले जाई.

उद्या कोठेही असा पहारा सक्तीचा झाला, तर माल बंदरात अडकून पडेल त्या दिवसांचे भाडे आणि व्याज कोणी सोसायचे, हे आमच्या छोट्या निर्यातदारांनी आपल्या संघटनेमार्फत आधीच लेखी विचारावे.