वरातीमागून घोडे

‘वरातीमागून घोडे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घोडा कितीही उमदा असला, तरी वरात निघून गेल्यावर त्याचा उपयोग काय? बिनतारी संदेशाचेही तसेच आहे. वेळ टळल्यावर आलेली बातमी खरी असूनही व्यर्थ ठरते.

आपल्या बडोद्याला नभोवाणी नवी नाही. संस्थानाचे स्वतःचे केंद्र होते. १९४८ साली ते आकाशवाणीत सामील झाले. टपालाने शंभर जणांना कळवायचे तर शंभर पत्रे लिहावी लागतात; नभोवाणीवर एकदाच बोललेला शब्द हजारो घरी पोहोचतो. मात्र एका लहरीवर एका वेळी एकच गोष्ट सांगता येते. पूर्वी श्रोते ठरलेल्या वेळेची वाट पाहत. आज हातातल्या यंत्रावरून प्रत्येक जण आपापली मागणी करतो, आणि प्रत्येक मागणीला मुदत असते. मग आधी कोणाचे ऐकावे?

‘जो आधी आला त्याचे,’ असे आपण चटकन म्हणू. पण रांगेला घड्याळ कळत नाही. १९७३ साली लिऊ व लेलँड या शास्त्रज्ञांनी दुसरा नियम गणिताने तपासला: ज्याची मुदत आधी संपते, त्याचे काम आधी. हातातले काम मध्येच थांबवता येत असेल आणि सर्व कामे वेळेत बसण्याजोगी असतील, तर या नियमाने ती बसतात. परंतु गर्दी वाढली की हाच नियम फसतो. बुडत्या मुदतींमागे धावताना पुढच्याही मुदती बुडतात.

अशा वेळी नभोवाणीचा मूळ गुण आठवावा. समजा, दोन संदेशांची मुदत याच मिनिटाला संपते आणि एकच पाठवता येतो. एकाची वाट एक जण पाहतो, दुसऱ्याची चाळीस. तेव्हा चाळिसांचा संदेश आधी जावा, हे उघड आहे.

तरीही केवळ डोकी मोजणे मला मान्य नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले होते. अशा वेळी नदीकाठच्या एकाच घराने ‘पाणी किती चढले?’ असे विचारले, तर चाळीस जणांच्या खेळाच्या निकालाने थांबले पाहिजे. जिवाची मुदत प्रथम, मग घड्याळाची, मग संख्येची, हा क्रम मला न्याय्य वाटतो. ज्याची वेळ टळली, तो संदेश संकोच न करता वगळावा, कारण तो दुसऱ्याची वेळ खातो. मात्र मागणाऱ्याला तसे लगेच कळवावे, म्हणजे तो दुसरी वाट शोधील.

आपल्या दांडिया बाजारातील अग्निशामक केंद्रातून बंब निघतो, तेव्हा त्याला वाट देताना ‘रांगेत आधी कोण होते?’ असे कोणी विचारीत नाही. रस्त्यावर जे शहाणपण आपण पाळतो, तेच आकाशातल्या वाटेवरही पाळावे, एवढेच माझे म्हणणे आहे.