निर्हेतुक रसिकतेचे सोवळे

आधुनिक चित्रासमोर उभा राहिलेला सामान्य माणूस ‘मला हे कळत नाही’ म्हणाला, की त्याची गणना अडाण्यांत होते. ‘यामागे कोणाचे हितसंबंध आहेत?’ असे विचारले, तर कलेत राजकारण आणल्याचा ठपका येतो. कला शुद्ध असते, हा या दटावणीचा आधार. तो कितपत शुद्ध आहे?

सौंदर्याचा निर्णय निर्हेतुक असतो, तरीही तो सर्वांच्या संमतीची अपेक्षा बाळगतो, असे जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९० साली मांडले. विचार थोर आहे, यात शंका नाही. परंतु सर्वांच्या वतीने बोलण्याचा हा अधिकार व्यवहारात कोणाच्या हाती पडतो? अमेरिकी समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग यांनी १९६० मध्ये याच कांटला पहिला खरा आधुनिकतावादी ठरवले. चित्राने कथा सोडून रंग आणि सपाट पृष्ठभाग यांच्याशीच इमान राखावे, हा त्यांचा आग्रह. हेच ग्रीनबर्ग साम्यवादविरोधी ‘अमेरिकन कमिटी फॉर कल्चरल फ्रीडम’चे सदस्य होते!

अमेरिकी परराष्ट्र खात्याने १९४६ मध्ये आधुनिक चित्रे विकत घेऊन परदेशी धाडली. मायदेशी गदारोळ उठताच १९४७ मध्ये दौरा गुंडाळला आणि पुढच्या वर्षी ती चित्रे युद्धातील शिलकी सामानासारखी विकून टाकली. दशकभरानंतर, १९५८-५९ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने अमूर्त चित्रांचे प्रदर्शन युरोपातील आठ देशांत फिरवले, आणि तशाच नव्या कलेत आता स्वातंत्र्याचा साक्षात्कार झाला. एवढ्या अवधीत सौंदर्यशास्त्र बदलले, की शीतयुद्ध?

नाझींनी १९३७ मध्ये म्युनिकला ‘अधःपतित कले’चे प्रदर्शन मांडून चित्रकारांची विटंबना केली, मॉस्कोने १९३४ पासून समाजवादी वास्तववादाचा वरवंटा फिरवला. त्या छळाच्या पंक्तीला न्यूयॉर्कला बसवणे अन्यायाचे होईल. तेथे कोणाच्या हातचा कुंचला हिसकावला गेला नाही. पण त्या सत्तांचे राजकारण उघडे होते. येथील राजकारण निर्हेतुकतेचे सोवळे नेसून आले.

१९५० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’चे जाळे मुंबईपर्यंत पोहोचले होते. निस्सीम इझिकेल यांच्या संपादकत्वाखाली १९५५ मध्ये निघालेले ‘क्वेस्ट’ हे तिच्या भारतीय शाखेचे नियतकालिक. तेवढ्यावरून त्यातील लेखन हिणकस ठरत नाही. पण पैसा कोठून येतो, हा प्रश्न तेव्हा असंस्कृतपणाचा मानला जाई. उत्तर १९६७ मध्ये मिळाले. अमेरिकी गुप्तचर संस्थेचे माजी अधिकारी टॉम ब्रेडन यांनी स्वतःच्या नावाने लेख लिहून काँग्रेसला दिलेल्या अर्थसाह्याची कबुली दिली. त्यात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. होता तो अभिमान.