पर्यावरणाची पदवी आणि पोटापाण्याचा प्रश्न

पर्यावरणशास्त्र हा विषय आपल्या विद्यापीठांत आता नवखा राहिलेला नाही. पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम ठिकठिकाणी चालतात, आणि दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले की ‘पुढे काय?’ हा प्रश्न घेऊन विद्यार्थी व त्यांचे पालक प्राध्यापकांकडे येतात. त्यांना साधारणतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. माहितीपत्रकांची भाषा अशी असते, की जगाला पर्यावरणाची चिंता लागलेली असल्यामुळे या पदवीधरांना नोकऱ्या शोधत येतील. अनुभवी मंडळी सांगतात, की या पदवीला बाजारात किंमत नाही, त्यापेक्षा बी.एड. करावे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण या पदवीधराला मागणी येते ती मुळात कोठून, याचा विचार दोघेही करीत नाहीत.

अर्थशास्त्रात ‘व्युत्पन्न मागणी’ ही संकल्पना आल्फ्रेड मार्शलने रूढ केली. गवंड्याला मागणी असते ती लोकांना घरे हवी असतात म्हणून. मग पर्यावरणाच्या जाणकाराला मागणी कशातून निर्माण होते? कारखान्याचा माल खपण्यासाठी शेजारची नदी स्वच्छ असावी लागत नाही. नदी नासल्याची झळ मालकाला वा ग्राहकाला न लागता खालच्या अंगाच्या गावांना लागते, आणि तिची नोंद कारखान्याच्या हिशेबात कोठेच होत नाही. पिगूने १९२० मध्येच हे दाखवून दिले होते. तेव्हा या ज्ञानाचे गिऱ्हाईक बाजार आपण होऊन तयार करीत नाही. ते कायद्याने तयार करावे लागते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. पुढे १९७४ चा केंद्राचा जलकायदा, १९८१ चा वायुकायदा, भोपाळच्या दुर्घटनेनंतरचा १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि प्रकल्पांच्या परिणामांचा आगाऊ अभ्यास सक्तीचा करणाऱ्या १९९४ व २००६ च्या अधिसूचना आल्या. आज पर्यावरणाच्या पदवीधराला जी नोकरी मिळते, तिचे मूळ बहुधा यांपैकीच कोठेतरी सापडते. कारखान्याला मंडळाचे संमतिपत्र लागते, सांडपाण्याचे व धुराचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे लागतात, दरवर्षी पर्यावरण विवरणपत्र सादर करावे लागते. तारापूर असो वा लोटे, औद्योगिक वसाहतींतील सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रेही याच कायद्यांमुळे उभी आहेत.

याचा व्यत्यासही तितकाच खरा आहे. अंमलबजावणी ढिली पडली, की मागणीही आटते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीतील रिक्त पदांवरून शासनाला खडसावले, तेव्हा तेथील निम्म्याहून अधिक पदे रिकामी होती. देशातील सर्वांत विषारी हवेचे शहर म्हणून जे ओळखले जाते, तेथील ही स्थिती! अशा रिकाम्या पदाने पदवीधराची एक सरकारी जागा तर जातेच. पण ज्या कारखान्याकडे तपासणीस कोणी फिरकत नाही, तो स्वतःच्या खर्चाने पर्यावरण अधिकारी कशाला नेमील? म्हणजे खाजगी क्षेत्रातील जागाही त्याबरोबरच बुडते.

खाजगी क्षेत्रात या पदवीधरांना सहज दिसणारी वाट म्हणजे सल्लागार संस्थांची. खाण, धरण, औष्णिक वीजकेंद्र, मोठी गृहसंकुले यांना परवानगीपूर्वी परिणामांचा अहवाल द्यावा लागतो आणि तो अधिस्वीकृती मिळालेल्या संस्थेकडूनच करून घ्यावा लागतो. हवा, पाणी, जैवविविधता, भूजल, सामाजिक-आर्थिक स्थिती अशा प्रत्येक अंगासाठी त्यात स्वतंत्र तज्ज्ञ असावा लागतो. ही रचना कागदावर उत्तम आहे. अडचण एवढीच, की तज्ज्ञाचे मानधन प्रकल्पाचा मालकच देतो. परीक्षकाला परीक्षार्थ्याने नेमावे आणि निकाल प्रामाणिक लागावा अशी अपेक्षा ठेवावी, असा हा प्रकार आहे.

त्यातच अहवालासाठी मूळ स्थितीच्या नोंदी पावसाळा वगळून एकाच हंगामात घेतल्या तरी नियमाला पुरतात. रत्नागिरी वा सिंधुदुर्गातील कातळसडा मार्चमध्ये पाहावा, तर तो उजाड काळा खडक दिसतो. तोच सडा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाहणाऱ्याला तेथील वनस्पतींचा वैभवी संसार दिसतो, आणि त्यांतील काही जाती सह्याद्रीबाहेर कोठेही आढळत नाहीत. मार्चच्या पाहणीवरून ‘पडीक, खडकाळ जमीन’ असा शेरा मारणारा तरुण खोटे लिहीत नाही. पण त्याच्या खऱ्या वाक्याने सडा मात्र जातो. या क्षेत्रात शिरणाऱ्या विद्यार्थ्याने पगाराइतकीच आणखी दोन गोष्टींची चौकशी अवश्य करावी: नमुने प्रत्यक्ष कोण घेतो, आणि अहवालावर नाव कोणाचे पडते. जेथे ही दोन माणसे एकमेकांना ओळखतही नाहीत, तेथे नवशिक्याच्या वाट्याला केवळ जुन्या अहवालांची नक्कल येण्याचा संभव फार.

येथेच एक दुर्लक्षित संधी आहे. जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. आपल्याकडे हे सारांश अशा मराठीत उतरतात, की गावातील शिक्षकालाही त्यांचा बोध होऊ नये. शास्त्र जाणणारा आणि नेटकी मराठी लिहिणारा पदवीधर येथे खरोखर उपयोगी पडेल, आणि गावालाही काय गमवायचे आहे हे वेळीच कळेल.

सरकारी सेवेकडे पाहणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिकी, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र किंवा पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांपैकी एक विषय तरी असावा लागतो. अन्यथा कृषी, वनविद्या वा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत पर्यावरणशास्त्राचे नावच नाही! देशाच्या वनांची सेवा करण्यास पर्यावरणाची पदवी एकटी पुरत नाही, हे विचित्र आहे आणि ते बदललेच पाहिजे. परंतु बदलेपर्यंत विद्यार्थ्याने रसायन किंवा संख्याशास्त्र सोडू नये. नाहीतरी मापन आणि हिशेब यांवाचून या विषयात पोकळ निबंधच शिल्लक राहतो.

अध्यापनाची कथा आणखी वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले आणि २००३ नंतर पदवीच्या सर्व शाखांना तो विषय लागू झाला. लक्षावधी विद्यार्थी तो शिकतात. मग तेवढे अध्यापक नेमले गेले असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या गळ्यात हा विषय घालण्याची रीत पडली. अर्थशास्त्राचे अध्यापकही त्यातून सुटलेले नाहीत. ‘नेट’ उत्तीर्ण झालेला पर्यावरणशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी तासिका तत्त्वावरही जागा शोधत फिरतो, ही या सक्तीची शोकांतिका होय.

कंपन्यांच्या जबाबदारी-अहवालांचा बोलबाला अलीकडे बराच आहे. भांडवल बाजारातील अव्वल एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून असा अहवाल सक्तीचा झाला आहे. जागा आहेत, पगारही बरे असतात; पण काम बहुतांशी तक्ते भरण्याचे असते आणि त्यात वाणिज्य शाखेचे विद्यार्थी अधिक तरबेज ठरतात.

सर्वांत मोठे काम पडून आहे ते खेड्यांत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकांच्या ज्ञानावर आधारलेली जैवविविधता नोंदवही व्हावयाची होती. डॉ. माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञांनी या कल्पनेसाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला. तरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून पुढे दरमहा दहा लाखांच्या भरपाईची तंबी दिली, तेव्हा कोठे राज्ये जागी झाली. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती. घाईने भरलेली वही कशी असणार, हे सांगावयास नको. ती दुरुस्त करणे, दरवर्षी वाढवणे, विहिरींची पातळी व ओढ्यांचे पाणी मोजणे, सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना वनव्यवस्थापनाचे आराखडे करून देणे, हे सारे नित्याचे काम आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखासारखे गाव बांबूचा व्यवहार स्वतः करू शकते, हे सिद्ध झालेले आहे. मात्र प्रत्येक गावाला जाणकार मदतनीस आपोआप मिळत नाही.

राज्यात ३५१ पंचायत समित्या आहेत. तेथे कृषी अधिकारी आहे, विस्तार अधिकारी आहेत. त्यांच्या जोडीला पर्यावरणशास्त्राचा पदवीधर असलेला एक विस्तार अधिकारी नेमावयाचा, तर नवे खाते उघडावे लागत नाही, नवी इमारत लागत नाही. नेमणूक मात्र कायम स्वरूपाची हवी. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरील माणूस एक पावसाळा पाहतो आणि दुसरा पाहण्यापूर्वी निघून जातो; त्याच्याकडून भूजलाची वा वनांची सलग नोंद कशी मिळणार? वित्त विभाग खर्चाचा मुद्दा काढील. त्या वेळी उन्हाळ्यात टँकरवर होणाऱ्या खर्चाचा आकडाही त्याच टिपणीत शेजारी मांडावा.