तंबूतली थंडी आणि शेगडीचा मोह

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ संपत आला, की घरोघरी दोन कामं सुरू होतात. माळ्यावरचे स्वेटर नि रजया खाली काढून उन्हात टाकायच्या, आणि नाताळच्या सुटीचे बेत आखायचे. पूर्वी हे बेत आजोळापर्यंत, फार तर माथेरान-महाबळेश्वरच्या लॉजपर्यंत जायचे. आता पवना धरणाच्या काठी किंवा भंडारदऱ्याला तंबूत रात्र काढायची हौस लहानथोरांना लागली आहे. शाळांची शिबिरं असतात, गिरिभ्रमणाच्या सहली असतात. मुलं आनंदानं नाचतात, आणि आईच्या मनात एकच प्रश्न: रात्री पोर गारठलं तर?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. शिबिराआधी पालकांची सभा असते, तिथं हा प्रश्न हमखास निघतो. गेल्या सभेत एका आईनं विचारलं, "बाई, रात्री तंबूत निखाऱ्यांची लहानशी शेगडी ठेवली तर नाही का चालणार? बाळंतिणीच्या खोलीत आपण ठेवतोच की!"

प्रश्न मायेपोटी आलेला होता, आणि अनेकींच्या मनातला होता. म्हणून त्याचं उत्तर आज जरा सविस्तर देते. तंबूत शेगडी नाही म्हणजे नाही. निखाऱ्यांची नाही, रॉकेलची नाही, गॅसची नाही. पेटती मेणबत्तीसुद्धा नाही. "पाचच मिनिटं" म्हणूनही नाही.

निखारा धूर देत नाही, म्हणूनच फसवतो

चूल धुरावली की आपले डोळे चुरचुरतात, खोकला येतो, आपण लगेच दार उघडतो. धूर निदान सूचना तरी देतो. निखारे लालबुंद झाले, धूर बसला, की आपल्याला वाटतं आता शेगडी "निवळली", आत घ्यायला हरकत नाही. पण धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोळसे काळे पडून राख धरायला लागली, तरी तो कितीतरी वेळ निघत राहतो.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन अंगभर प्राणवायू पोचवतं. पण या वायूशी त्याची ओढ प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक. म्हणजे बसच्या सीटवर रुमाल टाकून जागा अडवावी, तसा हा वायू रक्तातली जागा अडवून बसतो, आणि प्राणवायू उभाच राहतो. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर हेही कळत नाही. पोटातल्या बाळाला याचा धोका आईपेक्षाही जास्त, हे गर्भवती मैत्रिणींनी ध्यानात ठेवावं.

बाळंतिणीच्या खोलीचं म्हणाल, तर जुन्या घरांना कौलं होती, फटी होत्या, आणि शेक झाला की शेगडी बाहेर जायची. आजच्या सिमेंटच्या बंद खोलीत तीच शेगडी रात्रभर ठेवणं तिथंही घातकच. तंबू तर खोलीपेक्षा कितीतरी लहान. नुसत्या कापडातून पुरेशी हवा येते असं समजू नका. दवानं कापड भिजलं की तेवढीही येत नाही. तंबूचं तोंड थोडं उघडं ठेवलं, म्हणजे शेगडी चालेल, हाही भ्रमच.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथं सहलीला गेलेल्या केरळच्या दोन कुटुंबांतली आठ माणसं एका रात्रीत गेली. त्यांत चार मुलं होती. थंडी फार म्हणून खोलीत गॅसचा हीटर लावला होता आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्यांच्यातला एक मुलगा दुसऱ्या खोलीत झोपला होता, तो तेवढा वाचला. हौसेनं सहलीला निघालेली, आपल्यासारखीच ही माणसं.

जाणत्या माणसालाही हा वायू सोडत नाही. रिचर्ड बर्ड हे अमेरिकन नौदलातले नामवंत संशोधक. १९३४ साली अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात, बर्फात पुरलेल्या एका लहानशा खोपटात हवामानाच्या नोंदी घेत ते एकटे राहिले होते. स्टोव्हचा धूर नीट बाहेर जात नव्हता आणि ते दिवसेंदिवस खंगत गेले. स्टोव्ह पेटवावा तर विषारी वायू, विझवावा तर हाडं गोठवणारी थंडी! बिनतारी यंत्रावरचे त्यांचे निरोप असंबद्ध यायला लागले, तेव्हा दूरच्या तळावरच्या सहकाऱ्यांना संशय आला. ऑगस्टमध्ये ते येऊन पोचले, म्हणून बर्ड वाचले.

अंथरूण आधी, पांघरूण मग

मग ऊब आणायची कुठून? मैत्रिणींनो, ती आपल्या अंगातच असते. आपलं शरीर ३७ अंशांच्या आसपास राहायची धडपड रात्रंदिवस करत असतं. आपण फक्त ती ऊब निसटू द्यायची नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते खालच्या बाजूकडे. पांघरायला आपण तीन-तीन रजया नेतो, आणि अंथरायला एक पातळ चादर! गार जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. शिवाय अंगाच्या वजनानं खालची रजई चेपते आणि तिची ऊब जाते. म्हणून तळाशी आधी प्लास्टिकचा कागद, म्हणजे ओल वर येणार नाही. त्यावर कोरडा पेंढा मिळाला तर उत्तम. नाहीतर वर्तमानपत्रांची जाड घडी किंवा फोमची चटई. त्यावर सतरंजी, आणि मग गोधडी. एखादं जास्तीचं पांघरूण असेल, तर खुशाल खाली घाला.

तंबूची जागाही बघून घ्या. थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या थंडीत येतात, त्या अशाच सखल, पाणथळ भागातल्या. म्हणून ओढ्याच्या अगदी काठी किंवा खळग्यात तंबू नको, आणि उघड्या कड्यावरही नको. जरा उंचवट्याची, वाऱ्याच्या आडोशाची जागा चांगली.

तंबूच्या वरच्या झडपा बंद करू नका. तीन-चार माणसांच्या श्वासाची वाफ आत कोंडली की कापडाला आतून पाणी सुटतं, पांघरुणं दमट होतात आणि पहाटे जास्तच गारठतं. त्याच कारणानं डोक्यावरून रजई ओढून घेऊ नये. नाक-तोंड बाहेर, कानटोपी डोक्यावर.

कोरडे कपडे, भरलेलं पोट

मुलं दिवसभर हुंदडतात, घामेजतात, आणि त्याच बनियनवर स्वेटर चढवून झोपतात. घामानं ओलं झालेलं सुती कापड अंगाला चिकटून अंग गार करतं. झोपायच्या आधी आतले कपडे आणि मोजे बदलायलाच हवेत. त्यासाठी एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा बांधून द्या, आणि "हा फक्त झोपताना" असं बजावून सांगा. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन सैलसर पातळ कपडे बरे. त्यांच्यामधली हवा ऊब धरते. लोकर थोडी दमट झाली तरी उबदार राहते, म्हणून घरात जुनी घोंगडी असेल तर ती जरूर न्या. घट्ट मोज्यांवर मोजे चढवू नका, पावलं आवळली जाऊन उलट जास्त गार पडतात.

जेवण भरपूर आणि गरम हवं. बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, पिठलं, तिळाचा किंवा डिंकाचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. आपल्या आज्या हे थंडीत उगीच नव्हत्या करत! अन्न पचतं तेव्हा अंगात उष्णता तयार होते. झोपण्यापूर्वी जागच्या जागी थोडे हातपाय हलवून मगच पांघरुणात शिरावं. घाम मात्र येऊ द्यायचा नाही.

आता खास आपल्यापुरतं. रात्री अंधारात बाहेर जावं लागेल म्हणून आपण बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. असं करू नये. पाणी कमी पडलेल्या शरीराला थंडी सोसवत नाही. पाणी प्या, झोपायच्या आधी जाऊन या, टॉर्च उशाशी ठेवा, आणि रात्री उठावं लागलंच तर शेजारणीला सोबत घ्या. लाज धरून रात्रभर कळ काढणं काही बरं नाही.

आणि शेकोटीभोवती गाणी रंगली, की पुरुषमंडळींपैकी कुणीतरी हळूच "थंडीवरचं औषध" काढतं. दारूनं गरम वाटतं खरं, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब भराभर बाहेर जाते. हे औषध नव्हे, बरं का!

गरम पाण्याची रबरी पिशवी मात्र छान. पाणी उकळतं नको. बूच घट्ट लावून, पिशवी टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवा. तान्ह्या बाळाजवळ मुळीच नको. मधुमेह्यांनीही जपावं, त्यांच्या पावलांना चटका कळत नाही.

शेकोटी हवीच असेल तर ती उघड्यावर, तंबूपासून लांब, वारा तंबूकडे वाहत नाही अशा बाजूला. नायलॉनची ओढणी किंवा सिंथेटिक साडी जवळ नको. एक ठिणगी पुरते. झोपायच्या आधी पाणी ओतून शेकोटी पुरती विझवा. उरलेले निखारे टोपल्यात घालून आत नेण्याचा मोह होतो, तो टाळा.

काही झालंच तर

एकाच तंबूतल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर "पित्त झालं असेल" म्हणून बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा. थंडी आहे म्हणून आत ठेवू नका, बाहेरच पांघरूण घाला. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि आत काय पेटवलं होतं ते डॉक्टरांना सांगा. करोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथं फसवतो. त्याला या वायूचा फरक ओळखता येत नाही, म्हणून आकडा चांगला दिसला तरी विसंबू नका.

नुसती थंडी बाधली तर आधी हुडहुडी भरते. मग बोबडी वळते, हातून वस्तू पडतात, माणूस भलतंच बोलतो. हुडहुडी आपोआप थांबली आणि माणूस सुस्तावला, तर बरं वाटतंय असं समजू नये. तो धोक्याचा इशारा. ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं, छाती, पोट नीट झाका, पूर्ण शुद्धीत असेल तर गरम गोड दूध किंवा चहा द्या, आणि डॉक्टरांकडे न्या. हातपाय खसाखसा चोळू नका, आगीजवळ बसवू नका. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं यांना हुडहुडी न भरताही थंडी बाधू शकते, त्यांना तंबूच्या हौसेतून वगळलेलंच बरं.

मुलाला शिबिराला पाठवताना सामानाची यादी आपण विचारतोच. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: रात्री खाली अंथरायला काय देता, शेकोटी कोण विझवतं, आणि तंबूत काही पेटवायला सक्त मनाई आहे ना? समाधानकारक उत्तरं मिळाली, की निर्धास्त मनानं पिशवी भरा. वर तिळाच्या लाडवांचा डबा ठेवायला विसरू नका. आणि चार जास्तच घाला. तंबूत मित्रही असतात!